पुस्तक आवडलं नाही, असं मुलांना म्हणू द्या

ठाणे शहरातल्या शाळांचे मुख्याध्यापक आणि भाषाशिक्षक, सार्वजनिक ग्रंथालयांची कार्यकारी मंडळं आणि दर ऑक्टोबरात मुलांसाठी पुस्तक परीक्षणाची स्पर्धा भरवणाऱ्या सगळ्या संस्था यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

15 ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस आपल्या राज्यात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. यंदाही होईल. शाळांच्या व्हरांड्यात टेबलं लागतील, कपाटातली पुस्तकं बाहेर येतील आणि ‘मी वाचलेले पुस्तक’ या स्पर्धेचा छापील कागद मुलांच्या दप्तरातून घरी जाईल. मला त्या कागदाविषयी बोलायचं आहे. तो झेरॉक्सच्या दुकानात जाण्याआधी बोलायचं आहे, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे.

कागद तुम्हाला पाठ असेल. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, किंमत. मग थोडक्यात कथासार. मग आवडलेलं पात्र. आणि सगळ्यात खाली, चौकटीत, ‘या पुस्तकातून मिळालेला बोध’. शाळा बदलली, संस्था बदलली, नौपाड्यातून कळव्याला गेलं तरी चौकटी त्याच. ‘काय आवडलं नाही’ अशी चौकट मी अजून एकाही कागदावर पाहिलेली नाही. ‘काय कळलं नाही’ ही तर नाहीच नाही.

मी वर्तकनगरला राहते. आमच्या सोसायटीच्या ऑफिसला लागून एक रिकामी खोली होती. तिथे एक सतरंजी, दोन लोखंडी कपाटं आणि थोडी भेट आलेली, थोडी वर्गणी काढून घेतलेली पुस्तकं, एवढ्यावर मुलांचा वाचनगट चालतो. शनिवारी संध्याकाळी. येणारी मुलं साधारण तिसरी ते आठवीतली. काही मराठी शाळेतली, बरीचशी इंग्रजी शाळेतली, काही पलीकडच्या चाळीतून येणारी, महापालिकेच्या शाळेत जाणारी. मी शिक्षिका नाही, बँकेत नोकरी करते. पण मुलं पुस्तकांविषयी आपापसांत काय बोलतात ते मी बरीच वर्षं जवळून ऐकते आहे, आणि तीच मुलं स्पर्धेच्या कागदावर काय लिहितात तेही पाहते आहे. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. हे तुमच्यापर्यंत पोचवायला हवं असं मला फार दिवस वाटत होतं.

मागे एका स्पर्धेसाठी मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. संस्था चांगली, माणसं मनापासून राबणारी, नाव घेण्याचं कारण नाही. गठ्ठा हातात आला आणि वाचत गेले. दहाएक कागद झाल्यावर पुढचं वाक्य काय असेल ते आधीच कळायला लागलं. ‘या पुस्तकातून आपल्याला प्रामाणिकपणाचे महत्त्व समजते.’ ‘या पुस्तकातून आपल्याला प्राणिमात्रांवर दया करावी असा बोध मिळतो.’ पुस्तकं वेगवेगळी होती, मुलं वेगवेगळ्या शाळांतली होती, वाक्यं मात्र एकाच हाताने लिहिल्यासारखी. मग मध्येच एक कागद आला, चौथीतल्या एका मुलीचा. तिने कथासाराच्या चौकटीत लिहिलं होतं: ‘मला हे पुस्तक अर्धं आवडलं. कुत्रा हरवतो तिथपर्यंत. नंतर कुत्रा सापडतो पण तो इतके दिवस कुठे होता ते सांगितलंच नाही. मला वाटलं माझं एक पान राहिलं. मी परत मागे जाऊन बघितलं. तिथे पण नाही.’ बोधाची चौकट रिकामी होती.

गुणपत्रकात वीस गुण होते. मांडणी पाच, शुद्धलेखन पाच, हस्ताक्षर पाच, बोध पाच. मुलाला स्वतःला पुस्तकाविषयी काय वाटलं, याला एकही नाही.

मी तो कागद घेऊन आयोजकांकडे गेले. त्यांनी वाचला, ‘हुशार आहे हो’ म्हणाले, आणि चौकट रिकामी म्हणून गेलेले पाच गुण गेले ते गेलेच. नियम सगळ्यांना सारखे, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोट काहीच नव्हती. पण मग नियमच बदलायला हवेत, हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं आणि आज तुम्हा सगळ्यांना सांगते आहे.

त्या मुलीने काय केलं होतं ते जरा बघा. वाचताना तिला काहीतरी अडलं. आपलंच चुकलं असेल, पान सुटलं असेल, असं आधी तिने स्वतःवर घेतलं. मागे जाऊन तपासलं. आपलं चुकलेलं नाही याची खात्री झाल्यावरच लेखकाकडे बोट दाखवलं. पुस्तकाविषयी जबाबदारीने बोलणं म्हणतात ते हेच, आणि ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती गोष्टीत पुरती गुंतली होती, त्यातून ते आलं. तिचा नंबर आला नाही. पुढच्या वर्षी तिने बोधाची चौकट भरली असणार, असं मला वाटत राहतं आणि त्याचं वाईट वाटतं.

बोधाची चौकट भरते कशी, हे तुम्ही आईबापांना विचारा. ‘आई, बोध काय लिहू?’ हा प्रश्न ओट्याजवळ उभं राहून विचारला जातो आणि आई पोळ्या लाटता लाटता उत्तर देते, कारण ते उत्तर तिला पुस्तक न वाचता माहीत असतं. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवणारी मुलं आहेत. हल्ली फोनला सांगितलं की फोनच अख्खं परीक्षण लिहून देतो, बोधासकट. पुस्तक न उघडता ज्याचं उत्तर देता येतं असा प्रश्न विचारून मुलाने काय वाचलं हे आपल्याला कसं कळणार? आणि मूल त्यातून एवढंच शिकतं की पुस्तकाविषयी स्वतःला काय वाटलं ते कुणी विचारत नाही. मोठ्यांना जे ऐकायचं असतं ते ओळखायचं आणि सुवाच्य अक्षरात लिहून द्यायचं.

कायदा तर आपल्याला वेगळंच सांगतो. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 29 मध्ये अभ्यासक्रम आणि मूल्यमापन कसं असावं ते सांगताना म्हटलं आहे की मूल भीती आणि दडपणापासून मुक्त असावं आणि त्याला आपली मतं मोकळेपणाने मांडायला मदत व्हावी. त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही असावीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारावर 1992 मध्ये भारताने मान्यतेची मोहोर उठवली. त्याचं बारावं कलम मुलांना त्यांच्याशी संबंधित सगळ्या बाबतीत मत मांडण्याचा आणि त्या मताला वयानुसार वजन मिळण्याचा हक्क देतं. मुलांशी संबंधित बाबींमध्ये मुलांची पुस्तकं तरी नक्कीच येतात. म्हणजे गोष्टीची पुस्तकं आणि मोकळं मत, दोन्ही कायद्याने मुलांच्या पदरात घातलेली आहेत. आपण पुस्तक देतो आणि मत आपल्याकडे ठेवून घेतो.

आता मुलं खरोखर काय बोलतात ते सांगते.

पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, गोष्टीतला गरीब मुलगा नेहमी प्रामाणिकच का असतो? त्याला कधी चॉकलेट उचलावंसं वाटत नाही का? तो स्वतः चाळीतून येणारा. खोलीत एकदम गडबड झाली. एक मुलगी म्हणाली, श्रीमंत मुलगा पण नेहमी माजोरडाच असतो. मग सगळी कपाटाकडे धावली आणि अपवाद शोधायला लागली. त्या संध्याकाळी जेवढी पुस्तकं उलटीपालटी झाली तेवढी एरवी महिन्यात होत नाहीत. दुसऱ्या एका गोष्टीत शेवटी सगळे एकमेकांची माफी मागतात आणि भांडण मिटतं. त्यावर तिसरीतली एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, ‘पण त्याने काही केलंच नव्हतं, मग त्याने का सॉरी म्हणायचं?’ चित्रांच्या बाबतीत तर मुलांची नजर फार तीक्ष्ण असते. मजकुरात आजोबांच्या हातात कंदील आहे आणि चित्रात बॅटरी, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही, त्यांच्या पहिल्याच फटक्यात येतं. अक्षर बारीक आहे, ओळी चिकटलेल्या आहेत, पान मऊ नसून चकचकीत असल्यामुळे दिव्याखाली डोळ्यांवर उजेड येतो, हेही ती सांगतात. सहावीतल्या एकीने एका कथासंग्रहाविषयी म्हटलं होतं की यातल्या सगळ्या आया स्वयंपाकघरातूनच हाक मारतात. मी ते पुस्तक लहानपणापासून ओळखत होते. ती म्हणाली ते खरं आहे, सगळ्या स्वयंपाकघरातूनच हाक मारतात.

‘बोअर आहे’ हेसुद्धा मतच आहे. ते पहिलं पाऊल असतं. आपण तिथेच दार लावून घेतो. असं नाही म्हणायचं, मोठ्या लेखकाचं पुस्तक आहे, बाबांनी एवढ्या कौतुकाने आणलंय. त्याऐवजी ‘कुठल्या पानापासून?’ एवढं विचारून बघा. मूल पान शोधतं. बारा नंबरच्या पानावर वर्णन सुरू झालं, तिथे. किंवा त्या तिघांची नावं सारखीसारखी आहेत, कोण कुठला ते कळेना, तिथे. म्हणजे कंटाळ्यालाही पत्ता असतो, आणि तो सापडला की मूल तो किती नेमका सांगतं हे तुम्हाला कळेल.

शिक्षकांची भीती मला समजते. आवडलं नाही असं म्हणायची मुभा दिली तर मुलं वाचायचीच थांबतील, असं वाटतं. माझा अनुभव उलट आहे. भाजी आवडली नाही म्हणणारं मूल जेवण सोडत नाही, दुसरं काय आहे ते विचारतं. पुस्तकाचंही तसंच होतं. वाचन सोडतात ती मुलं वेगळी. प्रत्येक पुस्तक आवडलंच असं ज्यांना लिहावं लागतं ती सोडतात, कारण पुढे पुढे त्यांना खरोखर काही आवडतं की नाही हेच कळेनासं होतं.

प्रश्न कसे विचारावेत यावर इंग्लंडमधल्या एडन चेंबर्स यांनी खूप काम केलं. ते मुलांचे लेखक, आणि त्याआधी शाळेत शिकवत होते. मुलांना ‘का?’ विचारू नका, असं त्यांचं म्हणणं. ‘का आवडलं?’ हा प्रश्न मुलाला परीक्षेतला वाटतो, त्याला बरोबर आणि चूक उत्तर असणार असं वाटून ते गप्प होतं. त्याऐवजी ‘सांग ना’ म्हणा आणि थांबा. पुढचे त्यांचे मूळ प्रश्न चारच. काय आवडलं, काय आवडलं नाही, कुठे गोंधळ झाला, आणि एखादी गोष्ट पुन्हापुन्हा येतेय किंवा कशाशी तरी जुळतेय असं कुठे दिसलं का. आम्ही हे चार प्रश्न कपाटाच्या दारावर चिकटवले आहेत. तिसरा सगळ्यात जास्त चालतो. आपल्याला कळलं नाही असं उघड म्हणायला मिळालं की मुलांच्या खांद्यावरचं ओझंच उतरतं, आणि मग एकाला न कळलेलं दुसरा समजावतो. मोठ्या माणसाला त्यात तोंड घालावं लागत नाही. चौथ्या प्रश्नाला वेळ लागतो, पण गरीब मुलगा आणि स्वयंपाकघरातल्या आया त्याच प्रश्नातून आल्या.

आमच्याकडे आणखी एक रीत पडली आहे, ती तुम्हाला सुचवावीशी वाटते. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कोरा कागद चिकटवलेला असतो. वाचून झालं, किंवा अर्ध्यात सोडलं, की त्यावर एक ओळ लिहायची. नाव लिहिलं तर लिहिलं, इयत्ता मात्र लिहायची. एका साहसकथेच्या मागे सध्या असं आहे: ‘सुरुवात हळू आहे, पान 34 पर्यंत धीर धरा. (इ. 6 वी)’ त्याखाली: ‘मी धीर धरला. बरोबर आहे. (इ. 5 वी)’ त्याखाली वेगळ्या शाईत: ‘वरच्या दोघांचं ऐकू नका, भुयार खोटं आहे. (इ. 7 वी)’ आणि सगळ्यात खाली, अक्षर अजून नीट न बसलेल्या कुणीतरी: ‘मला भुयार खरं वाटलं.’ या चार ओळींमुळे ते पुस्तक कपाटात टिकत नाही. भुयार खरं की खोटं हे प्रत्येकाला स्वतः जाऊन बघायचं असतं. शुद्धलेखन कुणी तपासत नाही. तरी दोस्तांनी वाचायचं आहे म्हटल्यावर मुलं आपणहून खोडून पुन्हा लिहितात. परीक्षकासाठी त्यांनी एवढी काळजी घेतलेली मी पाहिलेली नाही.

कथासाराची चौकटही याच कारणासाठी काढून टाका अशी माझी विनंती आहे. आपल्या मित्राला पुस्तक वाचायला लावायचं असेल तर कुणी अख्खी गोष्ट सांगत नाही. सांगितलीच तर मित्र चिडतो. मुलांना हे पक्कं कळतं. गोष्टीतलं किती सांगायचं आणि कुठे थांबायचं याचं त्यांचं भान पाहण्यासारखं असतं.

भाषेविषयी थोडं. घोडबंदर रोडच्या गृहसंकुलांत आणि आमच्याकडेही अशी पुष्कळ मुलं आहेत जी घरी मराठी बोलतात, शाळेत इंग्रजी शिकतात आणि देवनागरी अडखळत वाचतात. त्यांना गोष्ट कळते, वाचायला मात्र वेळ लागतो. अशा मुलाने आजीकडून ऐकलेलं पुस्तक त्याने वाचलेलंच धरा. त्याने मत सांगताना ‘क्लायमॅक्स एकदम फास्ट झाला’ असं म्हटलं तर तेवढ्यावर त्याला अडवू नका. आधी मत येऊ दे. मराठीत मत देण्याची गोडी लागली की शब्द मागून येतात, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. जोडाक्षरावरून टोकलं तर ते मूल पुढच्या खेपेला इंग्रजी पुस्तक घेऊन येतं आणि त्याचा दोष आपण त्याच्या शाळेला देतो. ज्यांच्या घरी हिंदी किंवा आणखी कुठली बोली आहे आणि जी मराठी शाळेत जातात, त्या मुलांनाही हेच लागू आहे.

काही मुलं बोलतच नाहीत. त्यांना बोलतं करण्याच्या स्पर्धेत ओढू नका. आमच्याकडचा एक मुलगा कोपऱ्यात बसायचा, चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर द्यायचा नाही, आणि एकच पुस्तक परत करून पुन्हा तेच न्यायचा. देवघेवीच्या वहीत त्याच्या नावापुढे तेच नाव ओळीने लिहिलेलं आहे. त्याचं मत त्या वहीत आहे. ग्रंथपालांनी आपापल्या नोंदवह्या या नजरेने एकदा चाळाव्यात.

आणि कॅमेरा लांब ठेवा. मुलाला उभं करून, पाठ केलेलं परीक्षण म्हणायला लावून त्याची रील काढली की ते मूल पुस्तकाविषयी बोलत नाही, आपण कसे दिसतोय याचा विचार करतं. आईबाबांची हौस मी समजू शकते. शाळेने आणि ग्रंथालयाने तरी ती पुरवू नये.

आता ग्रंथालयांच्या पदाधिकाऱ्यांशी थोडं सविस्तर बोलायचं आहे. मुलांना मत विचारायचं, टाळ्या वाजवायच्या आणि पुढे त्याचं काहीच करायचं नाही, असं झालं तर मुलं ते लगेच ओळखतात.

आपल्या शहराला ग्रंथालयांची मोठी परंपरा आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 मध्ये सुरू झालं. ते उभं करण्यात पुढाकार घेणारे विनायक लक्ष्मण भावे, ज्यांनी पुढे मराठी वाङ्मयाचा मोठा इतिहास लिहिला, त्यांचा जन्म 1871 चा. म्हणजे तेव्हा ते जेमतेम विशीतले होते. आज आपण ज्यांना ‘मुलं’ म्हणून बाजूला बसवतो त्यांच्याहून फार मोठे नव्हते. ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे आद्य आचार्य एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, ही त्यांतली दोन. त्यांचा जन्मदिवस, 12 ऑगस्ट, तुम्ही ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करता. आठ वर्षांच्या वाचकाचं पुस्तक कोणतं, हे त्या वाचकाला विचारल्याशिवाय कळायचं कसं?

प्रत्यक्षात बालविभागाची ग्रंथखरेदी बंद दाराआड मोठी माणसं करतात. याद्या येतात, सवलत बघितली जाते, संच घेतले जातात. थोरांची चरित्रं एकाच मापाची, एकाच रंगाची, दहाच्या दहा. मग ती बालविभागात वर्षानुवर्षं कोरी राहतात आणि ‘हल्लीची मुलं वाचत नाहीत’ असं वार्षिक सभेत बोललं जातं. चरित्रं मुलांना आवडत नाहीत असं नाही. आमच्या कपाटातलं एका शास्त्रज्ञाचं चरित्र फाटेपर्यंत फिरलं, कारण मागच्या कागदावर कुणीतरी लिहिलं होतं, ‘हे पण नापास झाले होते.’

माझं मागणं असं आहे. बालविभागाच्या पुढच्या खरेदीतला काही हिस्सा मुलांच्या हाती द्या. किती, ते तुम्ही ठरवा, पण तो ठरावात लिहा. ग्रंथप्रदर्शन भरेल तेव्हा बालसभासदांपैकी पाचसहा जणांना ग्रंथपालांसोबत पाठवा. त्यांना पुस्तकं हाताळू द्या, दोन पानं तिथेच वाचू द्या, आपसात भांडू द्या. जे ठरेल ते विकत घ्या आणि दाखल नोंदवहीत ‘बालवाचकांची निवड’ अशी नोंद करा. पुस्तक कपाटात आल्यावर त्या मुलांचे चेहरे बघा, आणि ती दुसऱ्या मुलांना ते पुस्तक कसं गळ्यात मारतात तेही बघा.

हे काही जगावेगळं नाही. जर्मनीत बाल आणि किशोर साहित्याचा राष्ट्रीय पुरस्कार 1956 पासून दिला जातो. 2003 पासून तिथे मोठ्यांच्या परीक्षक मंडळाच्या जोडीला किशोरवयीन वाचकांचं स्वतंत्र मंडळ आहे. देशभरातले मुलांचे वाचनगट पुस्तकं वाचून आपली निवड ठरवतात आणि त्यांचा पुरस्कार वेगळा जाहीर होतो. फ्रान्समध्ये 1988 पासून एक पुरस्कार शाळकरी मुलांच्या मतदानावर दिला जातो. मुलं वर्षभर ठरावीक पुस्तकं वाचतात, चर्चा करतात आणि मत टाकतात. आपल्याकडे साहित्य अकादमी 2010 पासून बालसाहित्यासाठी पुरस्कार देते, पण ज्यांच्यासाठी ती पुस्तकं लिहिली जातात त्यांचा त्या निवडीत हात नसतो. अकादमी दूर राहिली. ठाण्यातल्या एखाद्या ग्रंथालयाने ‘यंदाचं आमचं पुस्तक’ मुलांच्या मतदानाने ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही.

मुलं फक्त भुताची आणि विनोदी पुस्तकं निवडतील, असं कुणी म्हणेल. काही निवडतील. भुताच्या पुस्तकांत चांगलं भूत आणि फुसकं भूत यांतला फरक ती बरोबर सांगतात, आणि ती पारख पुढे सगळीकडे उपयोगी पडते. बाकीचा हिस्सा तुमच्या निवडीला आहेच.

लेखकांचा अपमान होईल, ही दुसरी भीती. शाळेत लेखक येणार असले की मुलांचे प्रश्न आदल्या दिवशी तपासले जातात आणि ‘असं विचारायचं नाही’ म्हणून बरेचसे गळतात. आमच्याकडे एक लेखिका आल्या तेव्हा आम्ही काहीच तपासलं नव्हतं. एका मुलाने हात वर करून विचारलं, ‘तुम्ही आजीला का मारलंत?’ त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या की आजी जिवंत राहिली असती तर त्या मुलीला स्वतःहून काही करावंच लागलं नसतं. मुलगा विचार करून म्हणाला, ‘मग आजीला गावाला पाठवायचं.’ त्या मनापासून हसल्या आणि हे आपल्याला सुचलंच नव्हतं असं म्हणाल्या. पुढचा तासभर आजीचं काय करता आलं असतं यावर चर्चा झाली. जाताना त्यांनी त्या मुलाचा प्रश्न आपल्या डायरीत लिहून घेतला. कुणाचा अपमान झाला नाही.

शाळांपाशी वेळ नसतो, तासिका पोर्शनमध्येच संपतात, हे मला माहीत आहे. म्हणून जास्त मागत नाही. यंदाच्या कागदावरून बोध आणि कथासार काढा. त्या जागी ‘काय आवडलं’, ‘काय आवडलं नाही’, ‘काय कळलं नाही’ या तीन चौकटी घाला. पहिला, दुसरा, तिसरा नंबर काढू नका. ज्याला बक्षीस द्यायचंच आहे त्याने सगळ्यांना एकेक पुस्तक द्यावं, आणि तेवढे पैसे नसतील तर काही देऊ नये. आलेले कागद कार्यालयातल्या कपाटात बांधून ठेवू नका. ग्रंथालयाच्या दाराशी मुलांच्या उंचीवर लावा, म्हणजे इतर मुलं वाचतील आणि खाली आपलं लिहितील. शाळेच्या ग्रंथालयातल्या निदान एका कपाटातल्या पुस्तकांना मागे तो कोरा कागद चिकटवा. एखाद्या ओळीत कुणी काही वावगं लिहिलं तर तेवढी ओळ खोडा, पुस्तकाचा कागद काढू नका.

आमच्या गटातली मोठी मुलं, सातवी-आठवीतली, हे कागद कापून आणि चिकटवून द्यायला कोणत्याही शाळेत यायला तयार आहेत. चार प्रश्नांचा तक्ताही त्यांनीच रंगवलेला आहे, हवा असेल तर त्याची प्रत देऊ. कोपरी, किसननगर, लोकमान्यनगर, कळवा, खारेगाव, जिथून निरोप येईल तिथे शनिवारी सकाळी येऊ. गोंद आमचा. फक्त स्पर्धेचा कागद छापायला टाकण्याआधी कळवा.

आपली,
वर्तकनगरच्या वाचनगटाची एक कार्यकर्ती